झगे नेऱ्याला गेले

शहाबानो डोलारे यांनी निळ्या चादरीचं गाठोडं सोडलं आणि त्यातून लाल कोट निघाले. खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर पितळी बटणं आणि पाठीवर जरीचा मोर. खरं तर त्यातून निघायला हवे होते काळे झगे, दीक्षान्त समारंभाला प्राध्यापकांनी घालायचे.

विद्यापीठाच्या पनवेल केंद्राच्या स्टाफरूममध्ये सगळे वळून बघू लागले. मग केंद्राचे संचालक डॉ. कृष्णकांत वर्तक यांनी दोन बोटांच्या चिमटीत एक कोट उचलला.

"मॅडम, हे काय आहे?"

"मोर आहे, सर."

"ते दिसतंय मला. आपले झगे कुठायत?"

शहाबानो मॅडम इतिहास शिकवायच्या. सनावळ्या त्यांच्या जिभेवर असत, पण झग्यांचा पत्ता नव्हता. समारंभाची सगळी जबाबदारी त्यांच्याकडे होती. तिघांनी नाही म्हटल्यावर त्यांनी हो म्हटलं होतं, आणि आता ते तिघंही कोपऱ्यात उभे राहून अतिशय सहानुभूतीने त्यांच्याकडे बघत होते.

दिवसही साधा नव्हता. हे केंद्र सुरू झालं तेव्हा वर्ग भाताच्या बंद गिरणीत भरायचे आणि मुलं बाकावरचा कोंडा फुंकून बसायची. नंतर इमारत झाली, ग्रंथालय झालं, कँटीनसुद्धा झालं, पण पदवी घ्यायला मात्र मुंबईच्या मुख्य आवारात जावं लागायचं. तिथे जागा कमी, म्हणून आईबाप बाहेर फुटपाथवर. यंदा पहिल्यांदाच दीक्षान्त पनवेलला होणार होता. "नीट पार पडला तर दर वर्षी तिकडे," असं कुलगुरू म्हणाले होते. 'नाही पडला तर'चं वाक्य त्यांनी पुरं केलं नव्हतं, पण वर्तक सरांनी ते मनात पुरं करून आठवडाभर झोप घालवली होती.

मॅडमनी लाँड्रीवाल्या मोहसीनला फोन लावला.

"मोहसीन, माझ्यासमोर लाल कोट आहेत."

पलीकडे गाठोडी उपसल्याचा आवाज. मग, "या अल्लाह! मॅडम, ते काशिरामच्या बँडचे. दोन्ही गाठोडी निळ्या चादरीत बांधली ना पोरानं!"

"मग माझे झगे?"

"सकाळीच बँडच्या टेम्पोत गेले. नेऱ्याला. लगीन आहे तिथे." मोहसीनचा आवाज जरा खुलला. "मॅडम, एक सांगू? कडक इस्त्री मारलीय."

वर्तक सर खुर्चीत बसले. "अकरा वाजता कुलगुरू येणार. मी त्यांच्यापुढे काय मोर नाचवू?"

"मी आणते, सर," मॅडम पर्स उचलत म्हणाल्या. "नेरे काही काशीला नाही."

"पण रस्ता? लग्नघर?"

"म्या दावतो," दारातून आवाज आला.

दारात सत्यवती घरत उभ्या होत्या. साठीला टेकलेल्या, ओवे गावच्या, नव्या कोऱ्या मोरपिशी साडीत. याच केंद्रातून त्या इतिहासात एम.ए. झाल्या होत्या आणि आज त्यांना सुवर्णपदक मिळणार होतं. मिठागरांवरचा त्यांचा प्रबंध वाचून परीक्षकांनी दोन प्रश्न विचारले होते आणि सत्यवतीबाईंनी त्यांना चार विचारले होते. समारंभाला त्या सकाळी आठलाच येऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या, एकट्याच.

"लगीन आमच्या पुतन्याचाच हाय, परेसचा," त्या म्हणाल्या. "घरची समदी थयच."

"आणि तुमचे यजमान, जगनशेठ? ते इकडे नाही येणार?" मॅडमनी विचारलं.

"बोलले, लगीन काय रोज नाय होत." सत्यवतीबाईंनी पदर सारखा केला. "म्या बोललो, सोन्याचा मेडल पन रोज नाय भेटत. पन त्यांना मेडल म्हंजे पोरांच्या धावन्याच्या शर्यतीतला वाटतो. चला, म्याडम."

मॅडमची छोटी गाडी सुकापूरच्या रस्त्याने निघाली. अर्ध्या वाटेवर शहाबानोंनी करकचून ब्रेक दाबला.

"सत्यवतीताई, लाल कोट!"

"त्यांचा काय?"

"स्टाफरूममध्येच राहिले!"

परत फिरायला वेळ नव्हता. त्या तशाच पुढे गेल्या.

नेऱ्याला पोचल्यावर मांडव लांबूनच दिसला, पण वाजंत्री ऐकू येत नव्हती. लग्नाच्या मांडवातून आवाज येत नसेल तर एक तर जेवणं चालू असतात किंवा भांडण. जेवणं अजून लागली नव्हती.

नवरदेव परेश घोड्यावर बसलेला, मुंडावळ्यांआडून घाम पुसतोय. घोड्यापुढे काळे झगे घातलेले डझनभर इसम ओळीने उभे. आणि मांडवाच्या दारात दोन्ही हात पसरून नवरीचे काका बळीराम. समोर जगनशेठ, गळ्यात सोन्याची साखळी, चेहरा लालबुंद.

"यो लगीन हाय का कबजा?" बळीराम गरजत होते. "बांधाचा भांडन मिटला, केस काढून घेतली, पोरगी दिली. मंग वकील कशाला? ते पन टेम्पोभर?"

"अरे, वकील नाय ते, बँडवाले हान!" जगनशेठ ओरडले.

"बँडवाले काला डगला घालतान?"

बँडमास्तर काशिराम पुढे सरकला. झगा त्याला घोट्यापर्यंत आला होता आणि पांढऱ्या मिशांमुळे तो उच्च न्यायालयातून नुकताच निवृत्त झाल्यासारखा दिसत होता. तिथेच सगळा घोळ होता.

"काका, गाठोडा बदलला," तो काकुळतीने म्हणाला. "आतून येच निंगाले. आता बिनयुनिफॉर्मचा बँड घोड्याम्होरं कसा चालल? आमचा बी नाव हाय."

"वकील असाच गोड बोलतो," बळीराम म्हणाले.

तेवढ्यात जगनशेठना बायको दिसली. "तू? तुजा तो कार्यक्रम होता ना?"

"माजा कार्यक्रम तुमच्या बँडवाल्यांनी अंगात घातलाय," सत्यवतीबाई म्हणाल्या आणि थेट बळीरामांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "बलीरामभाऊ, यो कासिराम. माज्या लग्नात याचा बापूस वाजवत होता. वाजव रं कासिराम!"

काशिरामने क्लॅरिनेट ओठाला लावलं, पोरांनी ताशा धरला, आणि असा काही दणका उडाला की घोडा दोन पावलं मागे सरला. वाजणं थांबल्यावर सगळ्यांनी बळीरामांकडे बघितलं.

"वाजवनारा वकील नसतो, असा कुठं लिवलाय?" बळीराम म्हणाले.

आता शहाबानो मॅडम पुढे झाल्या. त्यांनी ओळख सांगितली, झगे विद्यापीठाचे आहेत हे सांगितलं, आणि सवयीने जरा जास्तच सांगितलं. "हा पोशाख फार जुना आहे. थंड मुलखातल्या मास्तरांना शिकवताना हुडहुडी भरू नये म्हणून अंगभर झगा आला."

"मंग पनवेलात कशाला?" बळीरामांनी विचारलं.

इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारला नव्हता. उत्तर आलं नाही म्हणून बळीरामांचा संशय पक्का झाला.

"म्या डोल्यांनी बगीन," त्यांनी निकाल दिला. "मास्तर लोकांच्या अंगात यो डगला दिसला तर लगीन. नाय तर घोडा परत."

मॅडमनी घड्याळ बघितलं. मुहूर्त साडेबाराचा होता. "काशिराम, झगे उतरवून द्या. मी यांना गाडीतून घेऊन जाते आणि दाखवते."

काशिराम कसनुसा झाला. "म्याडम, उतरवू कसं? उकाड्यामुलं आत नुसती बनियन हाय. आमचे कोट द्या, लगेच बदलतो."

"कोट कॉलेजात राहिलेत."

"मंग आमाला बी थयच यावा लागल."

आणि अशा रीतीने काशिरामचा अख्खा बँड, वाद्यांसकट, झग्यांसकट, टेम्पोत चढला. मागे बळीराम चढले, आणि बळीराम एकटे गेले तर वाटेत काय ठरवतील याचा भरवसा नाही म्हणून जगनशेठही चढले. परेश घोड्यावरच राहिला. त्याला कुणी काही विचारलंच नाही.

इकडे कुलगुरू वेळेआधी पोचले होते. वर्तक सरांनी त्यांना इमारत दाखवली, ग्रंथालय दाखवलं, कँटीन दाखवलं. मग केंद्राचा इतिहास सांगितला. तो संपला तरी मॅडमचा पत्ता नाही, म्हणून बागेत नेऊन पुन्हा सांगितला. तिसऱ्यांदा ते भाताच्या गिरणीपर्यंत आले तेव्हा कुलगुरू म्हणाले, "डॉक्टर, गिरणीतून आपण मघाशीच बाहेर पडलो. प्राध्यापक कुठे आहेत?"

त्याच वेळी फाटकातून टेम्पो आत शिरला. फळी खाली पडली आणि काळ्या झग्यांतली डझनभर माणसं टपाटप उतरली. पाठोपाठ ढोल, ताशा आणि एक भलंमोठं पितळी भोंगं उतरलं. वर्तक सरांनी डोळे मिटून घेतले.

"उत्तम," कुलगुरू म्हणाले. "सगळे एकाच वाहनातून. आमच्याकडे प्रत्येकाला वेगळी गाडी लागते. चला, मिरवणूक सुरू करा."

शहाबानो मॅडम धावत येत होत्या. "सर, एक मिनिट, आधी कपडे—"

पण काशिरामने जन्मभर एकच हुकूम ऐकला होता. 'मिरवणूक सुरू करा' म्हटल्यावर त्याचा हात आपोआप वर गेला. ताशा कडाडला, भोंगं घुमलं, आणि विद्यापीठाची दीक्षान्त मिरवणूक नवरदेवाला मांडवात नेण्याच्या चालीवर सभागृहाकडे निघाली. पुढे बँड, मध्ये किरमिजी झग्यातले कुलगुरू, मागे साध्या शर्टपँटमधले आणि साड्यांमधले खरे प्राध्यापक. सर्वांत शेवटी जगनशेठ आणि बळीराम, एकमेकांवर नजर ठेवून.

सभागृह आईबापांनी गच्च भरलेलं होतं. एरवी अशा मिरवणुकीला लोक घसा खाकरत उभे राहतात. या वेळी सगळे एकदम उठले आणि टाळ्यांचा ताल धरला. बेलपाड्याच्या एका आजीने तर शिट्टी मारली. आपल्या मुलांना पदवी मिळते म्हणजे काहीतरी मोठं घडतंय, हे पहिल्यांदाच त्यांना कानाने कळत होतं.

बँड सरळ मंचावर चढला, कारण पुढे दुसरी जागाच नव्हती, आणि प्राध्यापकांच्या खुर्च्यांवर बसला. कुलगुरूंनी शेजारच्या काशिरामकडे वळून विचारलं, "आपला विभाग कोणता?"

"ओवे-बेलपाडा, साहेब," काशिराम म्हणाला. "बोलवला तर उरनपर्यंत जातो."

कुलगुरूंनी गंभीरपणे मान हलवली.

पदव्या सुरू झाल्या. पहिलं नाव घेतलं, मुलगी मंचावर आली, आणि ताशावाल्या पोराला राहवेना. त्याने एक छोटा ठेका दिला. मग प्रत्येकाला दिला. वर्तक सरांनी आधी डोळे वटारले, मग घाम पुसला, आणि वाणिज्य शाखेपर्यंत येता येता त्यांचा पाय ठेका धरू लागला होता.

"इतिहास विभाग. सुवर्णपदक. सत्यवती जगन घरत."

मोरपिशी साडी मंचाच्या पायऱ्या चढू लागली. बँड थांबला. आता सगळे माना लांब करून बघत होते, कारण पदक घ्यायला कुणाची तरी मुलगी नाही, कुणाची तरी आजी येत होती. कुलगुरूंनी पदक सत्यवतीबाईंच्या गळ्यात घातलं आणि दोन्ही हात जोडून वाकून नमस्कार केला.

मागच्या दाराशी जगनशेठ उभे होते. ओव्यात आयुष्यभर लोक त्यांना वाकायचे. आपल्या बायकोपुढे एवढा मोठा माणूस वाकताना त्यांनी पहिल्यांदा बघितला. ते टाचा उंचावून ओरडले, "ती माजी बायको हाय!"

सगळं सभागृह हसत मागे वळलं. काशिराम ताडकन उठला, क्लॅरिनेट आकाशाकडे केलं, आणि मग जे काही वाजलं त्याने छताचे पंखे हलल्यासारखे वाटले. बळीरामांनी जगनशेठच्या पाठीवर थाप मारली. "चल, यो कोर्ट नाय. पटला मना. कोर्टात एवढा हसत नाय कोन."

भाषणात कुलगुरूंनी दोन गोष्टी जाहीर केल्या. दीक्षान्त यापुढे दर वर्षी पनवेललाच. आणि या केंद्रात लवकरच संगीताचे वर्ग.

समारंभ संपल्यावर शहाबानो मॅडम त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "सर, मला तुम्हाला फसवायचं नाहीये. ते प्राध्यापक नाहीत. बँडवाले आहेत, एका लग्नातले."

"मॅडम," कुलगुरू म्हणाले, "खांद्यावर भोंगं घेऊन आलेला माणूस भूगोल शिकवत नसणार एवढं मला समजतं. संगीताच्या वर्गांची मागणी माझ्या टेबलावर पडून होती. लोक ऐकतील का, अशी शंका होती. आज फिटली." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "ते लग्न कुठे आहे म्हणालात? तुमच्या संचालकांनी मला तीनदा इतिहास दिला, पण चहा एकदाही दिला नाही."

स्टाफरूममध्ये बँडने लाल कोट चढवले आणि सगळी वरात नेऱ्याला परतली. कुलगुरू घाईत झगा उतरवायला विसरले होते. त्यांना बघून नवरीकडचा एक म्हातारा ओरडला, "वकील गेले, आता जज्ज आला!" पण बळीरामांनी स्वतः हात धरून त्यांना आत नेलं. परेशला घोड्यावरून उतरवलं तेव्हा त्याचे पाय कमानीसारखे झाले होते, तरी मुहूर्त सापडला. अक्षता पडल्या.

आता मांडवातला माइकवाला मान्यवरांचं स्वागत करू लागला. आजवर प्रत्येक लग्नात त्याचं वाक्य ठरलेलं असे, 'ओव्याचे जमीनदार जगनशेठ घरत यांचं सहपत्नी आगमन झालेलं आहे.' पण समोरच्या सोफ्यावर सत्यवतीबाई बसल्या होत्या, गळ्यात पदक, शेजारी कुलगुरू, आणि दोघांत मिठागरांवरून वाद रंगला होता. माइकवाला गडबडला. त्याने घसा साफ केला.

"सुवर्णपदक विजेत्या सत्यवतीताई घरत," तो म्हणाला, "यांचं सहपती आगमन झालेलं आहे."

मांडवात कुणीतरी फस्सकन हसलं. जगनशेठ उठले. साखळी सावरत, लोकांमधून वाट काढत ते माइकवाल्यापर्यंत गेले. त्याने भीतीने माइक मागे घेतला.

"परत एकदा बोल," जगनशेठ म्हणाले. "मागं जेवनाऱ्यांना ऐकू नाय गेला."