अर्ध्या कॉलरचा होला

दुकान बंद झालं त्या दिवसापासून शिंपीकाकांनी तोंडही बंद केलं. चहा दिला तरी मान हलवायची, नाही दिला तरी मान हलवायची. असल्या माणसाशी भांडावं तरी कसं? काकूंनी बरेच महिने दोन्ही बाजूंनी एकटीनंच भांडून पाहिलं, पण त्यात काही राम नव्हता.

मग बाल्कनीतल्या कुंडीत एक पाखरू आलं. घरटं म्हणायची लाज वाटावी अशा चार काड्या टाकल्या आणि अंडी घालून मोकळं झालं. काका त्याच्याकडे बघत बसले आणि म्हणाले, "कॉलर अर्धीच लावलीय. फक्त मागून."

काकूंच्या हातातलं पातेलं खाली पडलं. माणूस बोलला होता.

नेमकं तेव्हाच इमारतीच्या चेअरमननी फर्मान काढलं, की कबुतरांची घरटी काढायची आणि बाल्कन्यांना जाळ्या ठोकायच्या. जाळीवाल्याला घेऊन ते दारात हजर. काकू आडव्या आल्या. हे कबुतर नाही, होला आहे, हात लावाल तर याद राखा.

"पंख आहेत, घुमतंय, घाण करतंय," चेअरमन म्हणाले. "आणखी काय असतं कबुतराला?"

सुनेनं मोबाईलमधून खुणा वाचून दाखवल्या. कबुतर दांडगं, त्याच्या मानेवर हिरवी-जांभळी झाक, पंखावर दोन काळे पट्टे. होला अंगानं बारीक, फिका मातकट, मानेमागे काळी अर्धी पट्टी. चेअरमन म्हणाले, पट्टी दाखवा, मी जातो.

पण पाखरू मान अंगात ओढून बसलेलं. पट्टी कुठली दिसायला? सुनेनं मोबाईलवर होल्याचा आवाज लावला. तो ऐकून पाखराचा नर कुठूनसा येऊन थेट जाळीवाल्याच्या शिडीवर बसला आणि मान फुगवून मोबाईलपुढे वाकून वाकून घुमायला लागला. जाळीवाल्यानं भांबावून त्याला हात जोडले. नरानं सगळ्यांना पोटभर नमस्कार घातले, पण पाठ काही दाखवेना, आणि तसाच उडून गेला.

"माणसं बघून बुजतंय," काकू म्हणाल्या. त्यांनी सगळ्यांना आत ओढलं, पडद्यामागे उभं केलं आणि चेअरमनना श्वाससुद्धा हळू घ्यायला सांगितलं. बाहेर एकटे काका राहिले.

काकांना वाटलं, गेले सगळे.

"मान वर कर बाबा," ते पाखराला म्हणाले. "नाहीतर ही बाई इमारत डोक्यावर घेईल. तुला पंख आहेत, तू सुटशील. लग्नाच्या दिवशी हिनं चारचौघांत सांगितलं, नवऱ्याच्या कोटाची बाही आखूड आहे म्हणून. मी स्वतः शिवलेला कोट. आखूड नव्हती रे."

पाखरानं मान लांब केली, वळून काकांकडे पाहिलं. मानेमागे काळी पट्टी, काजळाचं बोट ओढावं तशी.

"होलाच," चेअरमन कुजबुजले. काकूंकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही. "पिल्लं उडेपर्यंत राहू दे." जाळीवाल्यानं शिडी उचलली आणि दोघं पाय न वाजवता निघून गेले.

काकू पडद्याशीच उभ्या राहिल्या. बाही आखूडच होती. चांगली बोटभर. शब्द ओठांवर आला, पण आपण बोललो की हा माणूस पुन्हा गप्प होणार, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी तो गिळला. घशाखाली उतरायला फार जड गेला.

तेव्हापासून त्या रोज कपड्यांच्या घड्या घालायच्या निमित्तानं पडद्यामागे उभ्या राहून काका पाखराला काय सांगतात ते ऐकायला लागल्या. काका मुळातच सावकाश माणूस, एकही टाका न सोडता सांगणार. पिल्लांना पिसं फुटली, ती कुंडीच्या काठावर येऊन पंख झाडायला लागली, तरी काका अजून लग्नाच्या पहिल्या वर्षातच होते, आणि काकूंबद्दल एक बरा शब्द काही येत नव्हता.