बारा ते तीन एकात्मता

अन्न माणसांना जोडतं, यावर आता शंका घ्यायचं कारण उरलेलं नाही. तसा सिनेमाच निघाला आहे.

सिनेमाचं नाव 'शेजारचा रस्सा'. त्यात एक करारी आजोबा शेजारच्या परक्या जातीधर्माच्या घरातून आलेली वाटी तीनदा परत पाठवतात आणि चौथ्यांदा चाटूनपुसून खातात. मधे सव्वादोन तास जातात. प्रताप नगरातल्या सुसंवाद सोसायटीचे सेक्रेटरी मनोहरराव हा सिनेमा पाहताना सहा वेळा रडले (मध्यंतरातलं रडणं धरून, तेव्हा पडद्यावर सिमेंटची जाहिरात होती). घरी येईस्तोवर त्यांचं मन इतकं मोठं झालं होतं की त्यांनी वॉचमनला नावानं हाक मारली. नाव चुकलं, पण भावना पोचली.

अशात सिनेमावाल्यांनी स्पर्धा जाहीर केली. ज्या सोसायटीत किमान पाच संस्कृतींचे रहिवासी एका पंगतीत जेवतील, तिथं सिनेमाची नायिका बक्षीस द्यायला जातीनं येणार. मनोहररावांनी सोफ्याची कव्हरं धुवायला टाकली आणि संस्कृती मोजायला बसले. चोवीस फ्लॅट, दीड संस्कृती. (अर्धी म्हणजे तीनशे दोनमधले विश्वनाथ. ते वरणात गूळ घालतात.)

"साडेतीन कमी पडून राहिल्या वं," ते बायकोला म्हणाले.

"पडतीलच," यमुताई मेथी निवडत म्हणाल्या. "साऱ्या तर तुमीच गेटवरून वापस पाठवल्या. फाइल पाहा न आपली!"

फाइलवर लिहिलं होतं, 'भाडेकरू : नामंजूर'. बारा वर्षांतले एकतीस अर्ज, आडनावांच्या क्रमानं लावलेले. प्रत्येकावर एकच शेरा : 'सोसायटी शाकाहारी आहे.' (चोवीसपैकी एक फ्लॅट रिकामा, एकोणीस घरांत मटण शिजतं. उरलेली चार घरं बाहेर जाऊन खातात. एवढा तपशील शेऱ्याच्या जागेत मावला नसता.) सबंध भारत देश त्या फाइलीत भोकं पाडून, एका दोरीनं घट्ट बांधून ठेवलेला होता. मनोहररावांना पुन्हा भरून आलं.

त्यांनी चार अर्ज बाहेर काढले : एक सिंधी, एक बंगाली, एक मुसलमान आणि एक बौद्ध. हे शेवटचे म्हणजे जरीपटक्याचे नागसेन, सरकारी इंजिनिअर. त्यांची मुलगी भूमिका सोसायटीच्या मागच्याच शाळेत पाचवीला. जरीपटक्याहून यायला एक तास, जायला एक तास. पोरगी बसमध्ये दांड्याला धरून उभ्यानं झोपते. म्हणून त्यांनी दोन वर्षांमागे दोनशे चार नंबरच्या फ्लॅटसाठी अर्ज केला होता. दोनशे चार तेव्हा रिकामा होता. आताही होता.

मनोहरराव स्वतः जरीपटक्याला गेले.

"नागसेनभाऊ, रविवारी तुमच्या घरचं मटण घेऊन या. एकदम ओरिजनल पाहिजे."

"काका, तुमची सोसायटी तर शाकाहारी आहे न?"

"आहेच न भाऊ! म्हणून तर तुमाले बोलावून राहिलो."

नागसेनची बायको रीना दारात उभी होती. "तेव्हा म्हणे मटणवाले नाही पाहिजे," ती म्हणाली. "आता म्हणे मटण घेऊनच या. सिनेमा भारीच दिसते!"

"अन् फ्लॅटचं काय?" नागसेननं विचारलं.

"पहिले जेवण, मंग मन, मंग फ्लॅट. क्रम असते त्याचा."

नागसेननं दप्तरावर डोकं टेकून झोपलेल्या भूमिकाकडं पाहिलं आणि हो म्हटलं.

स्पर्धेच्या नियमात 'रहिवासी' हा शब्द होता. मनोहरराव नियमाचे पक्के. त्यांनी चारही कुटुंबांशी दोनशे चारचा रीतसर भाडेकरार केला : रविवार, दुपारी बारा ते तीन. हॉल बंगाली, बेडरूम सिंधी, बाल्कनी मुसलमान (हवा खेळती राहावी म्हणून), स्वयंपाकघर नागसेन. चौघांचीही पोलीस पडताळणी झाली. विश्वनाथांची लागली नाही. गूळ कायद्यात बसतो. कलम चार : भाडेकरूंनी सोसायटीच्या सुखदुःखात समरस व्हावे. कलम पाच : तीन वाजता समरसता रिकामी करून, झाडून द्यावी.

रविवारी पंगत बसली, आणि खरं सांगायचं तर अशी पंगत प्रताप नगरानं पाहिली नव्हती. नायिकेनं काकडीचे दोन काप खाल्ले आणि बक्षीस दिलं. मटण सगळ्यात आधी संपलं. एकोणीस घरांनी हात मारला आणि चार घरांनी दोन्ही हात मारले. मनोहररावांनी तीन वाट्या रस्सा ओरपला आणि ते सातव्यांदा रडले (हे तिखटामुळे, हिशेबात धरू नये).

भूमिका तेवढ्यात दोनशे चारच्या सगळ्या खोल्या पाहून आली होती.

"बाबा, खिडकीतून माही शाळा दिसते! माहा टेबल तिथंच ठेवजा."

तीनला चार मिनिटं कमी होती. नागसेन हात पुसत पुढं आले. "काका, मंग दोनशे चारचं?"

मनोहररावांनी त्यांना मिठी मारली. ती तीन वाजेपर्यंत टिकली. मग वॉचमन झाडू घेऊन आला.

सोमवारी सोसायटीची सभा झाली. ठराव एकमतानं, ढेकर देऊन मंजूर : 'अन्न माणसांना जोडते, हे रविवारी सिद्ध झाले आहे. जरीपटका ते प्रताप नगर इतक्या अंतरावरूनही जोडते, हेही सिद्ध झाले आहे. सबब, शेजारी राहण्याची आवश्यकता दिसून येत नाही.' नागसेनचा अर्ज पुन्हा फाइलला लागला. पंगतीचा मोठा फोटो गेटवर लागला. त्यात भूमिका अगदी पुढं बसलेली, हसताना आहे. शाळेत जाताना तिला तो रोज दिसतो, जागी असली तर.

दोनशे चार अजून रिकामा आहे. इथपर्यंत वाचून तुम्हाला मनोहररावांची चीड आली असेल, पोरीसाठी रडू आलं असेल, तर सोसायटीला तुमच्यासारखीच माणसं पाहिजेत. अवश्य फोन करा. काय खाता, ते कुणी विचारणार नाही. फक्त आडनाव विचारतील. ते चालेल की नाही, हे मनोहररावांना तुम्ही सांगितल्यावर कळेल. तुम्हाला आत्ताच कळलं.