आरोहीच्या व्हिसाचा सल्लागार

कागदपत्रांच्या कामात माझा हात कुणी धरू शकत नाही! म्हणूनच २००७ साली, नांदे गावातल्या आमच्या घरमालकांच्या, कोंडाजीकाकांच्या आरोहीला न्यूझीलंडात डेअरी शिकायला प्रवेश मिळाला, तेव्हा व्हिसाची फाइल मीच ओढून घेतली. हिंजवडीत नोकरी, म्हणजे इंग्रजी पक्कं! पोरीचा बेत साधा होता. दोन वर्षं शिकायचं, परत यायचं आणि घरच्या रानात स्वतःची डेअरी काढायची. मी सातबारे जोडले आणि 'शिकून परतणार' असं ठासून लिहिलं.

त्याच सुमारास जमिनीच्या एजंटांनी फोन करकरून आरोहीच्या आईला, गोजराकाकूंना भंडावून सोडलं होतं. व्यवहाराला आरोहीचीही सही लागते, म्हणून तिचीही चौकशी!

"काकू, सोपं आहे," मी म्हणालो. "सांगायचं, जमीन कधीच विकली. आणि पोरगी परदेशी चालली, ती काही परत यायची नाही. खलास!"

काकूंनी पाठच केलं. एजंट पटापट गळाले. मी मिशीला पीळ देत हिंडत होतो, आणि मला मिशी नाही!

एका मंगळवारी मी ऑफिसातून आलो, तर काकू खुशीत.

"आज येक बया लई ग्वाड बोलली. म्हनली, जमीन किती हाय? म्हनलं, गुंठाबर बी न्हाई, समदी इकली!"

"शाब्बास!"

"मंग म्हनली, आरोही शिकून परत येनार का? म्हनलं, ती कशाला येतीया हितं!"

एजंटाला शिक्षणाशी काय करायचंय?

"काकू, कुठून बोलत होती?"

"दिल्लीस्नं. व्हिसाचं कायतरी म्हनली."

मी रात्रीत खुलाशाचं पत्र लिहिलं. म्हणजे, या घरात फोनवर सगळ्यांनाच खोटं सांगतात, हे लेखी कळवलं!

तीन आठवड्यांनी नकार आला. तो वाचूनही मलाच दाखवावा लागला.

"पन म्या तर तू शिकिवल्यालं येक अक्षर चुकले न्हाई!" काकू रडायला लागल्या.

आरोही एवढंच म्हणाली, "दादा, हितनं भाईर गेलेलं कुनी परत आलं न्हाई. मी येनार होते." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी काका बोलले, "मनीष, अजून येक फारम आन. तुज्या नावाचा भर. ती न्हाई तर न्हाई, तू तरी जा."

मला वाटलं, गंमत करतायत. पण पुढे महिनाभर ते रोज विचारत होते, फॉर्म आणला का?