त्याले सांग, डावीकडे वळव

गुलाबराव दर रविवारी माझ्या पायाच्या अंगठ्याला दोरी बांधत असत. तुम्ही हसाल, पण माझी आई हसली नव्हती. आपल्याकडे माणसाचे अंगठे केव्हा बांधतात हे कुणाला वेगळं सांगायला नको. तिने एकदा माझ्या अंगठ्यावरचा वळ पाहिला, विचारलं, आणि मीही बावळटासारखं खरं ते सांगून बसलो. संध्याकाळी तिने मीठ-मोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली. शाळेत मुलांवर दरारा असलेला मी मास्तर, आणि जिवंतपणी अंगठा बांधून घेणारा नागपुरातला एकटा माणूस. कशासाठी, तर तलावात सोडलेल्या दुसऱ्या दोरीला मासा लागला की ताबडतोब समजावं म्हणून. तो मासा माझ्या दोरीला कधी लागला नाही, कारण चांगला चमचा गुलाबराव स्वतःच्या दोरीला लावत.

चमचा म्हणजे जेवणाचाच चमचा. गुलाबरावांचं इतवारीत भांड्यांचं दुकान होतं. पितळी चमच्याची दांडी कापायची, एका टोकाला गळ अडकवायचा, दुसऱ्या टोकाला नायलॉनची लांबलचक दोरी बांधायची आणि ती दोरी पतंगाच्या चक्रीवर गुंडाळायची. मग डोंगा हळूहळू वल्हवत न्यायचा आणि मागून दोरी ओढत न्यायची. चमचा पाण्यात लचकत येतो, मरळीला वाटतं एखादी लहान मासोळी पळते आहे, आणि ती झडप घालते. ही सगळी विद्या गुलाबरावांनी कुठून आणली ते त्यांनी कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणत, "डोकं आहे ना मले."

त्या विद्येपायी दुकान बसलं ते बसलंच. गल्ल्याशेजारी पाण्याची बादली ठेवलेली. आलेला प्रत्येक नवा चमचा आधी त्या बादलीत दोरीने ओढून पाहायचा. जो नुसता सरळ यायचा तो विकायला, जो लचकत यायचा तो गुलाबरावांच्या पेटीत. एकदा एक बाई लग्नाच्या आहेरासाठी डझनभर चमचे घ्यायला आल्या. त्यांनी नेमका पेटीतल्या एकाला हात घातला.

"तो नाही मिळत," गुलाबराव म्हणाले.

"काहून? विकायले नाही ठेवला काय?"

"बाई, तो चालते. तुम्ही त्याच्यानं पोट्ट्याले दही चारान. शोभते काय हे?"

बाई शेजारच्या दुकानात गेल्या. 'शोभते काय हे' हा गुलाबरावांचा जगाला विचारलेला प्रश्न होता. कंडक्टरने सुटे मागितले, शोभते काय हे. वरणात मीठ कमी पडलं, शोभते काय हे. ढग आले आणि पाऊस न पाडता गेले तर आभाळाकडे बघून तेच. सगळ्यात जास्त संताप त्यांना काठावर कणकेच्या गोळ्या लावून बसणाऱ्या लोकांचा येई. "हे लाच देऊन राहिले," ते मोठ्याने, त्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणत. "उपाशी जीवाले कणीक दाखवाची अन् गळ्यात आकडा घालाचा. मी लाच नाही देत. मी चमचा दाखवतो. हिंमत असन तर ये म्हणतो." कणीक दाखवणं ही लाच आणि चमचा दाखवणं हा सज्जनपणा कसा, हे मी एकदा विचारलं. त्यावर त्यांनी माझ्या शिक्षणाची चौकशी केली.

ते सक्करदऱ्याला राहत, तलावापासून हाकेच्या अंतरावर. पण तिथे मासे धरणं त्यांना कमीपणाचं वाटे. "तो तलाव नाही, हौद आहे. डोंगा वळवता वळवता दुसरा काठ येते." म्हणून दर रविवारी पहाटे आम्ही एसटीने रामटेक गाठायचो आणि तिथून टांग्याने खिंडसीला. तो तलाव मात्र मोठा, डोंगरांच्या कुशीत आत आत शिरलेला. तिथल्या एका मासेमार ढीवराकडून डोंगा घ्यायचा आणि उन्हं उतरेपर्यंत पाणी उकरत फिरायचं. मी प्रताप नगरात राहणारा माणूस. माझा रविवार घरी झोपण्यात गेला असता तर जगाचं काही अडलं नसतं.

पण माझ्यावाचून त्या डोंग्याचं अडत होतं, कारण डोंग्यात तिसरा माणूस होता. शंकरराव. रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झालेले, अंगापिंडाने दणकट, बोलायला मोजके. हे दोघे एकाच आळीत वाढलेले, एकाच शाळेतून पळालेले. वल्हवायचं ते शंकररावांनीच. गुलाबरावांनी जन्मात वल्ह्याला हात लावला नव्हता. ते मागच्या टोकाला चक्री धरून बसत, शंकरराव पुढे त्यांच्याकडे तोंड करून वल्ही मारत, आणि मधे मी, अंगठा बांधलेला. दोघे दिवसभर एकमेकांच्या तोंडासमोर, आणि दोघांचा एकमेकांशी शब्द नाही. त्यांचा अबोला होता.

त्या अबोल्याचं कारण ऐकाल तर तुमचंही डोकं फिरेल. मी त्या डोंग्यात होतो, म्हणून खात्रीने सांगतो. एका हिवाळ्यात गुलाबरावांच्या चमच्याला भलीमोठी मरळ लागली. तिला डोंग्याजवळ आणता आणता गुलाबराव उभे राहिले, वाकले, आणखी वाकले, आणि आता पाण्यात जाणार इतक्यात शंकररावांनी वल्ही टाकून त्यांच्या सदऱ्याला मागून धरलं. गुलाबरावांना पोहता येत नाही. डोंगा थांबला, दोरी ढिली पडली, मरळ गेली. माणूस वाचला म्हणून कुणीही देवाचे आभार मानले असते. गुलाबराव आत बसले, सदरा सारखा केला आणि मला म्हणाले, "मास्तर, त्याले विचार, वल्हं काहून सोडलं?"

"गुलाबराव, तुम्ही बुडला असता," मी म्हटलं.

"ते माह्यं मी पाहिलं असतं. मासा तर आला असता."

तेव्हापासून सगळं बोलणं माझ्यामार्फत. "मास्तर, त्याले सांग, डावीकडे वळव." मी मान वळवून सांगायचं, "शंकरराव, डावीकडे." शंकरराव म्हणायचे, "त्याले सांग, डावीकडे झाडाचं खोड आहे बुडालेलं." मी पुन्हा मान वळवायची. "त्याले सांग, मले दिसते." "त्याले सांग, मग पाहून घे." मधे अंतर किती, तर हात लांब केला तर हाताला हात लागेल एवढं. दोघांनाही कानाने उत्तम ऐकू येत होतं. मी निरोप सांगण्याआधीच डोंगा वळायला लागलेला असायचा, पण मी सांगितलं नाही तर गुलाबराव रागवायचे. सोमवारी वर्गात फळ्याकडे वळलो की माझी मान लचकायची.

बरं, एवढं सगळं करून मासा धरला, तर एकच. हाही त्यांचा नेम. एक लागला की चक्री गुंडाळायची आणि काठाला यायचं, मग सकाळचे नऊ का वाजलेले असेनात. "तलाव काय आपल्या बापाचा आहे?" आणि तो एकुलता मासा माझ्या हातात देऊन म्हणायचे, "त्याले दे. माह्या घरी कोण खाते?" त्यांची बायको जाऊन बराच काळ झाला होता, मुली सासरी होत्या, घरी चूल पेटायची ती चहापुरती. पण मी म्हणतो, मला दोन मुलं होती, माझ्या घरी खाणारी तोंडं होती. माझा अंगठा, माझी मान, आणि मासा शंकररावांचा. मला काय मिळालं, तर संत्र्याच्या चार फोडी.

असं वर्षानुवर्षं चाललं होतं. मग एका रविवारी शंकररावांनी तलावाच्या मधोमध वल्ही थांबवली आणि मला म्हणाले, "त्याले सांग, पोरगा न्यायले येऊन राहिला. मी मंगळवारी भिलाईले चाललो. कायमचा."

मी मान वळवली, पण हा निरोप सांगू शकलो नाही. गरजही नव्हती. गुलाबरावांचा चेहरा मला दिसत होता.

"त्याले विचार," ते म्हणाले, "परवानगी कोणाची घेतली?"

"त्याले सांग, गुडघे चालत नाही आता. इथं पाणी द्यायले कोणी नाही."

"त्याले सांग, भिलाईत लोखंड करतात. माणसाचं तिथं काय काम? शोभते काय हे?"

हा मंगळवार म्हणजे पुढच्या आठवड्यातला. हातात अजून एक रविवार होता. मी तो आठवडा नुसता धुमसत काढला. बुधवारी मी इतवारीत गेलो आणि गुलाबरावांना दुकानातच धरलं. म्हटलं, जन्माचा मित्र चालला आहे, आता तरी तोंड उघडा, एक शब्द बोला. ते बादलीत चमचा ओढत राहिले. म्हणाले, "त्यानं आधी बोलाव. वल्हं त्यानं सोडलं." मी म्हटलं, तुमचा जीव वाचवला त्याने. म्हणाले, "मास्तर, तू शाळेत शिकवतो ते तिथंच ठेव." मी पाय आपटत घरी आलो. इतका राग मला माझ्या सख्ख्या भावाचाही कधी आला नव्हता.

रविवार आला. एसटीत तिघे एकाच बाकावर बसलो, मधे अर्थातच मी. डोंग्यात बसलो तेव्हा मी सवयीने पाय पुढे केला, तर गुलाबराव म्हणाले, "राहू दे आज." त्यांनी एकच दोरी सोडली, माझ्याकडे पाठ करून. मला वाटलं, अखेर माणूस थोडा नरमला.

नरमला कसला. दिवसभर तेच. त्याले सांग हळू चालव. त्याले सांग त्या बेटाकडून ने. त्याले सांग पुन्हा एक चक्कर. दुपार झाली, पोळ्या खाऊन झाल्या, मासा नाही. काठावरच्या एका कणीकवाल्याने आमच्यादेखत दोन कतले काढले, तरी गुलाबराव त्याला काही बोलले नाहीत. ऊन कलायला लागलं. शंकरराव मधेमधे वल्ही मांडीवर टेकवून तळहात चोळत होते, गुडघे त्यांनी कसेबसे आखडून धरले होते, आणि तरी "त्याले सांग, आणखी एक." शेवटी काठावरून ढीवराने हाक मारली की डोंगा आणा. गुलाबराव हलेनात. मी म्हटलं पुरे झालं, आणि त्यांच्या हातातली चक्री ओढून घेऊन दोरी गुंडाळायला लागलो.

दोरी भराभर आली. टोक हातात आलं तेव्हा त्याला नुसती गाठ होती. चमचा नाही, गळ नाही.

"तुटला वाटतं," मी म्हटलं.

"तुटला नाही. डब्यात आहे," गुलाबराव म्हणाले. "लावलाच नव्हता."

एक मासा लागला असता तर आम्हाला परत फिरावं लागलं असतं. हे माझ्या डोक्यात यायला थोडा वेळ लागला. पण आलं तेव्हा मला दया वगैरे आली नाही, आधी रागच आला. मी शंकररावांकडे वळून म्हटलं, "ऐकलं? या माणसाने सकाळपासून तुम्हाला रिकामी दोरी ओढायला लावली."

"मले माहीत आहे," शंकरराव म्हणाले. त्यांनी वल्ही थांबवली नव्हती. "दोरी पाण्यावर तरंगून राहिली होती. माह्यं तोंड तिकडेच आहे ना, मास्तर. चमचा असता तं बुडली असती." मग जरा दम घेऊन म्हणाले, "त्याले सांग, अंधार पडाले वेळ आहे. आणखी एक चक्कर होते."

"मी नाही सांगणार," मी म्हणालो. माझा आवाज तलावभर गेला असावा. "इतकी वर्षं सांगितलं. आता माझ्याच्याने होणार नाही. तुमचं तुम्ही बघा." आणि मी दोघांकडेही न बघता बाजूला पाण्याकडे तोंड केलं.

वल्ह्यांचा आवाज थांबला. मग डोंगा जोरात डुचमळला आणि मी वळून पाहिलं. गुलाबराव उभे राहिले होते. माझ्या खांद्यावर हात टेकत, मला ओलांडून, ते पलीकडे गेले आणि शंकररावांच्या शेजारी फळीवर धपकन बसले.

"सरक," ते म्हणाले. मला नाही, शंकररावांना. "हात पाह्य तुह्ये. सकाळपासून एकटाच ओढून राहिला, सांगाले काय होते?"

शंकरराव सरकले. त्यांनी एक वल्हं सोडलं आणि ते गुलाबरावांनी दोन्ही हातांनी धरलं. पण मारलं नाही. पाण्याकडे बघत बसले.

"शंकर," ते म्हणाले, "तिथं भिलाईले तुह्यासंगं अबोला धराले कोण आहे गा?"

शंकररावांनी मान हलवली. कोणी नाही म्हणून हलवली की बोलू नको म्हणून, ते मला कळलं नाही. मी गुंडाळलेली दोरी सोडून पुन्हा गुंडाळायला घेतली, आणि त्याचाही मला रागच आला.

मग दोघांनी वल्ही मारायला सुरुवात केली. शंकररावांचं वल्हं खोल जाई, गुलाबरावांचं नुसतं वरचं पाणी उडवी, त्यामुळे डोंगा पुढे जाण्याऐवजी जागच्या जागी गोल फिरायला लागला. काठावरून ढीवर ओरडत होता. दोघांनीही मला कुणाला काही सांगायला सांगितलं नाही.