देवघरातली ॲनाटॉमी

वर्षालीने काढलेल्या माणसाचे हात गुडघ्याच्या खाली जात होते. कॉलेजच्या सरांनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि हा माणूस चपलेचा पट्टा न वाकता लावू शकतो, एवढं म्हणून परत दिलं. मग मागून सांगितलं, की कलाकारांसाठीचं ॲनाटॉमीचं एक चांगलं पुस्तक घे, शरीर नीट शीक, फिगर सुधारली नाही तर वर्ष जाईल.

ही गोष्ट वर्षालीने रात्री जेवताना वडिलांना सांगितली. देवीदास बेलसरेंचा नांदगाव पेठेच्या अलीकडे भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, कडेने झेंडू. पुस्तकाला त्यांची ना नव्हती. पोरीने मागितलं आणि त्यांनी नाही म्हटलं, असं फारसं झालं नव्हतं.

"कायचं पुस्तक म्हणे?"

"माणसाच्या अंगाचं, बाबा. खांदा कुठी हाये, कोपर कुठी हाये, त्याचं."

"थे तं आपल्याले असंच माहीत हाये."

"मले चित्रात माहीत नाई."

"म्हणजे फोटो असतीन त्याच्यात. कपडे घातलेले का?"

वर्षालीने भाकरीचा तुकडा मोडला आणि तो मोडण्यातच बराच वेळ घालवला. देवीदास समजले.

अडचण पुस्तकाची नव्हती. अडचण जानरावांची होती. जानराव म्हणजे देवीदासचे साळे, त्यांची बायको कौशल्या हिचे थोरले भाऊ, मुक्काम अकोट. तरुणपणी ते आखाड्यात होते. आखाडा सुटून वीस वर्षं झाली तरी छाती अजून त्यांच्या पुढे अर्धा हात चालत असे. भाचीला चित्रकलेला टाकलं हे त्यांना मुळीच पटलं नव्हतं. अकोटच्या लग्नात, भर पंगतीत, हातात बुंदी घेऊन त्यांनी विचारलं होतं, "भाऊजी, त्या कॉलेजात नागडे माणसं काढाले शिकवते म्हणे?" आणि सगळी पंगत जेवायची थांबली, तेव्हा देवीदास म्हणून गेले, "माह्या घरात नागडं चित्र येणार नाई. एक बी आलं तं पोरीचं नाव काढून घेईन." शब्द दिला तो दिला. ऐकायला दोन्हीकडचे सोयरे होते, आणि ते वाढपी धरून.

तेव्हा पुस्तक असं हवं होतं, की ज्यात माणूस पूर्ण दिसेल, पण नागडा नसेल. देवीदास स्वतःच निघाले. वांगं निवडणारा माणूस पुस्तकही निवडू शकतो, असा त्यांचा समज होता.

अमरावतीत राजकमल चौकाच्या आतल्या गल्लीत धर्मपालचं पुस्तकांचं दुकान होतं. धर्मपालने गठ्ठ्यातून दोन पुस्तकं काढून काउंटरवर ठेवली. देवीदासनी पहिलं उघडलं आणि दुसऱ्या पानावर त्यांचा चेहरा पाहून धर्मपालने विचारलं, "काका, काय झालं?"

"हा तं आतून बी लाल हाये."

"स्नायू दाखवले आहेत. वरची चामडी काढून."

देवीदासनी पुस्तक बंद केलं, पुन्हा उघडलं आणि विचार करायला लागले. नीट विचार केल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"याच्या अंगावर चामडंच नाई. मंग याले नागडा कोन म्हणन?"

धर्मपालने आयुष्यभर पुस्तकं विकली होती, पण असा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. "कोणी नाही म्हणणार," तो म्हणाला आणि पुस्तक बांधून दिलं.

घरी देवीदासची आई मैनाबाई ओसरीत मेथी निवडत बसली होती. नवी वस्तू घरात आली की आधी तिच्या हातात द्यायची, ती हळदकुंकू लावणार आणि मग वस्तू घराची होणार, अशी रीत होती. सागवानी पलंगापासून मोबाइलच्या चार्जरपर्यंत सगळं त्या वाटेनं आत आलं होतं. मैनाबाईने पुस्तक उघडलं.

"अव माय वं! कोन सोललं याले?"

मेथी अंगणभर झाली. कौशल्या धावत आली, तिनेही पाहिलं, आणि पुढे आठवडाभर त्या घरात मटणाचं नाव कोणी काढलं नाही. मैनाबाईने कुंकवाची कोयरी बंद केली आणि सांगून टाकलं, की असलं पुस्तक घरात असलं तर मी शेजारी झोपायला जाईन.

"पण आजी, हेच तं पायजे मले," वर्षाली म्हणाली.

"तुले पायजे असन. मले सपनात पायजे नाई."

दुसऱ्या दिवशी देवीदास पुस्तक परत घेऊन गेले. धर्मपालने ते बदलून दिलं. या खेपेला हाडांचं पुस्तक निघालं. नुसता सापळा; बसलेला, उभा, धावणारा, एका पानावर तर चक्क खुर्चीवर रेलून. रक्त नाही, मांस नाही, लाज वाटावी असं काहीच शिल्लक राहिलं नव्हतं. देवीदासना ते पुस्तक अगदी सोवळं वाटलं.

मैनाबाईने ते दारातच अडवलं.

"हाडं घरात आणत नाईत, बाप्पा! तुह्या बाची अस्थी बी आपण आत आणली नोयती. बाहेर निंबाले बांधली होती."

"माय, हे कागदाचे हाडं हायेत."

"तुह्या बाचे खरे होते, तरी बाहेर ठेवले. अन् या कोन कुठच्याले आत घेऊ?"

देवीदास पुस्तक घेऊन अंगणात गेले. पुस्तक रात्रभर निंबाच्या फांदीला पिशवीत टांगून राहिलं. वर्षालीने बॅटरी घेऊन खाली उभं राहून अभ्यास करू का, असं विचारलं, पण ते रागाने.

तिसऱ्या खेपेला धर्मपालने काउंटरखालून एक जाड पुस्तक काढलं. प्लॅस्टिकमध्ये बंद. वर एका दाढीवाल्या म्हाताऱ्याचं रेखाटन होतं आणि त्याने दोन्ही हात जोडले होते.

"याच्यात सगळं आहे काका. कॉलेजची मुलं हेच नेतात. पण प्लॅस्टिक फाडलं तर परत घेत नाही. आधीची दोन तुम्ही चौकात फिरवून आणली."

देवीदासनी हात जोडलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हातारा त्यांच्याकडे पाहत होता. "देवमाणूस दिसून राहिला," ते म्हणाले, आणि न उघडता पुस्तक घेतलं. आयुष्यात त्यांनी एकही वांगं न दाबता घेतलं नव्हतं. पुढे पश्चात्ताप झाला तो या गोष्टीचा.

मैनाबाई मुखपृष्ठ पाहून खूश झाली. तिने स्वतः हात जोडले. प्लॅस्टिक फाडलं, पुस्तक बरोबर मधोमध उघडलं, कारण कुंकू वहीच्या किंवा पुस्तकाच्या पोटात लावायचं असतं, आणि चष्मा नसल्यामुळे जिथे कपाळ असावं असं वाटलं तिथे बोट टेकवलं. कपाळ तिथेच होतं. हळद लागली, कुंकू लागलं, वर अक्षता पडल्या, एक झेंडूचं फूल वाहिलं गेलं. मग कौशल्याने चष्मा आणून दिला.

तो लावून मैनाबाईने फूल बाजूला केलं. तिने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला. माणूस तसाच होता. समोर तोंड करून, हात कंबरेवर ठेवून, कपाळावर मळवट भरून.

"अहो," कौशल्या म्हणाली, "याच्या अंगावर सूत बी नाई."

"परत कर," मैनाबाई देवीदासना म्हणाली.

"कुंकू लागलं, माय. कोन घेईन?"

"मंग रद्दीत टाक."

"पूजा झाली ना पण!" कौशल्या म्हणाली.

पूजा झालेली वस्तू रद्दीत जात नाही. उघड्यावर ठेवावी तर जानराव कधी येतील सांगता येत नाही. नदीत सोडू म्हटल्यावर वर्षाली रडायला लागली. शेवटी मैनाबाईनेच मार्ग काढला. कुंकू लागलेल्या वस्तूची जागा एकच. तिने पुस्तक लाल खणात बांधलं आणि देवघरात बाळकृष्णाच्या मागे, भिंतीला टेकवून उभं केलं. देवघराला हात लावायचा तर अंघोळ करून, आणि मैनाबाई समोर बसलेली. रोज सकाळी त्या पुस्तकावर एक फूल पडू लागलं. वर्षालीला ते उघडायची सोय उरली नाही.

परीक्षा जवळ आली. एका दुपारी वर्षाली बोर्ड आणि कोळसा घेऊन मळ्यात आली. देवीदास विहिरीजवळ मेथीच्या जुड्या बांधत होते. अंगावर नुसती पट्ट्यापट्ट्याची चड्डी, डोक्यावर टोपी. मळ्यात ते तसेच असत.

"बाबा, असेच बसा. हालू नोका."

"काहून?"

"मले खांदा पायजे. पुस्तक देवापाशी हाये. तुमी तं इथी हाये."

देवीदासनी जुडी खाली ठेवली. त्यांनी दिलेल्या शब्दाची आठवण त्यांना झाली आणि तो शब्द त्यांनी मनात सगळीकडून फिरवून पाहिला.

"टोपी राहू देजो डोक्यावर," ते म्हणाले. "टोपी असली म्हणजे नागडं म्हणता येत नाई."

तेव्हापासून ते रोज दुपारी भाजीच्या पालथ्या कॅरेटवर बसू लागले. खांदा, पाठ, बरगड्या, बसताना पोटाला पडणाऱ्या तीन घड्या. मैनाबाई भाकरी घेऊन येई आणि लांबून पाही. "त्या पुस्तकातला बरा होता," असं ती एकदा कौशल्याला म्हणाली.

वर्षालीच्या माणसाचे हात वर चढले आणि जिथे असायला पाहिजे तिथे येऊन थांबले. सर खूश झाले. इतके खूश, की त्यांनी वर्षालीचं सर्वात मोठं चित्र अकोल्याच्या प्रदर्शनाला पाठवलं. आणि कौशल्या इतकी खूश, की तिने आनंदाच्या भरात अकोटला फोन केला. फोन ठेवल्यावर तिला पंगतीतला शब्द आठवला, पण तोवर जानराव गाडीला किक मारायला गेले होते.

अकोल्याच्या हॉलमध्ये दारातून आत जाताच समोरच्या भिंतीवर देवीदास होते. जवळजवळ अंगाएवढे. मळ्यात त्यांना कधी उघडं वाटलं नव्हतं. इथे त्यांना आधी स्वतःचे गुडघे दिसले आणि मग पोट. एक अनोळखी बाई चष्मा वर करून त्यांची बेंबी बारकाईने पाहत होती. देवीदासनी अंगातल्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

जानराव चित्रासमोर येऊन उभे राहिले.

"भाऊजी. हे तुमी."

"हो."

"तुमी पंगतीत काय बोलले होते?"

"घरात येणार नाई म्हटलं होतं. हे अकोल्यात हाये." देवीदासनी घसा साफ केला. "अन् टोपी हाये."

जानराव हळूहळू डावीकडे गेले, उजवीकडे गेले, वाकून खांदा पाहिला. मग म्हणाले, "रविवारी येतो. घरी बोलू."

जानराव तिथेच बोलले असते तर बरं झालं असतं. ते येतो म्हणाले म्हणजे दोन सोयरे सोबत घेऊन येणार आणि पोरीचं नाव काढायला लावणार, याबद्दल घरात कुणाला शंका नव्हती. वर्षालीने दोन दिवस कोळशाला हात लावला नाही. देवीदास वांगी तोडायला गेले आणि टोपलीभर कोवळी तोडून आले.

रविवारी जानराव एकटेच आले. पाय धुतले, पाणी प्याले, आणि पाहुण्याने करावं तसं आधी देवघरासमोर जाऊन हात जोडले. जोडलेले हात तसेच राहिले.

"माय, ही कोनती पोथी?"

कौशल्या सैपाकघरात गेली. जानरावांनी बाळकृष्णाच्या मागून ती काढली, खण सोडला, कपाळाला लावली आणि उघडली. पूजेचं कुंकू आणि अक्षता जिथे दाबून राहिल्या होत्या तिथेच ती उघडली.

देवीदासना वाटलं, आता पोरीचं कॉलेज सुटलं. घरात नागडं चित्र, तेही देवघरात, तेही पूजा केलेलं. पंगतीतल्या बुंदीचा वास त्यांच्या नाकात आला.

जानराव पान पाहत होते. मग त्यांनी श्वास आत घेतला आणि छाती फुगवली, पानाकडे पाहिलं, पुन्हा स्वतःकडे पाहिलं.

"वर्षाली, इकडे ये व."

वर्षाली आली.

"तुह्या बापाचं पोट हाये तसंच काढलं तू."

"हो, मामा."

"चुकलं. माहं काढशीन तं तसं नोको काढू." त्यांनी कुंकवाच्या खाली बोट ठेवलं. "तोंड माहं. छाती याची. खांदे बी याचेच. अन् मोठं काढजो, भाऊजीपेक्षा वीतभर."

"मामा, मंग हे पुस्तक रोज लागन मले."

"रोज घे ना! कोन अडवलं?"

"अन् कॉलेज?" देवीदास कसेबसे म्हणाले.

"कॉलेजचं काय, भाऊजी? शिकल्याबिगर असं येते काय?" जानरावांचं एक बटण सुटलंही होतं. "अन् मले टोपी नोको. कुस्तीचा लंगोट हाये अजून घरी."

देवीदासनी आईकडे पाहिलं. मैनाबाईने चष्मा लावला, जानरावांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग पुस्तकातल्याकडे पाहिलं.

"पण मले एक सांग, जानराव," ती म्हणाली, "पोथीले हात लावाच्या आधी हात धुतले होते काय? पाय धुतले तेवढे पायले मी. कुंकू लागलेलं पुस्तक हाये बाप्पा ते."