बाबल साळिंदराची बारा मिनिटं

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांनाच संगीताची फार आवड होती. ऐकायला तेवढा कुणाला वेळ नव्हता.

त्या जंगलात बाबल नावाचं एक साळिंदर राहत असे. तो व्हायब्राफोन वाजवायचा. व्हायब्राफोन म्हणजे धातूच्या पट्ट्यांची लांब रांग. खाली नळ्या, आणि पायाशी एक दांडी. दांडी दाबली की सूर लांबतो, सोडली की थांबतो. बाबल दोन हातांत चार काठ्या धरून वाजवायचा. ही विद्या त्याला परदेशातून येणाऱ्या रोहित पक्ष्यांनी शिकवली. ते तिला जॅझ म्हणत. एक चाल धरायची, मग तिच्यातून निघून मनाला येईल तिकडे हिंडायचं आणि न चुकता घरी परतायचं.

वाद्य फार जड होतं. पट्ट्या वेगळ्या, नळ्या वेगळ्या, पाय वेगळे. प्रत्येक बारशाला, मुंजीला, डोहाळजेवणाला बाबल ते पाठीवर वाहून नेई, दीड तास जोडत बसे आणि मग जेवणाऱ्यांच्या गलक्यात वाजवी.

"अहो, जगात बासरी नावाचं वाद्य आहे," त्याची बायको आवडी म्हणायची. "काखेत मावतं. तुम्हाला हा पलंगच कसा सापडला?"

बाबल हसायचा. त्याने स्वतः एक चाल बांधली होती, बारा मिनिटांची. ती सुरू होई, चार मिनिटं जात आणि कुणीतरी ओरडे, "अरे, नाचायचं काहीतरी वाजव!" अकरा वर्षांत ती चाल शेवटापर्यंत कुणी ऐकली नव्हती. शेवटीच तर ती घरी परतत होती.

आणि एके दिवशी दरबारचे व्यवस्थापक कोल्हेसाहेब बिळाशी आले.

"बाबल, नशीब काढलंस! वाघोबा महाराजांची साठी आहे. महाराज म्हणाले, त्याची ती चाल सबंध ऐकू. आवडली, तर दर आठवड्याला तळ्याकाठी तुझी बैठक. सगळा दरबार गप्प बसून ऐकणार."

"गप्प बसून?" बाबलने दोनदा विचारलं.

महिनाभर त्याने सराव केला. आवडीने पट्ट्या चिंचेने घासल्या. साठीच्या दिवशी बाबल पहाटेच मांडवात गेला आणि त्याने वाद्य मधोमध जोडलं. पट्ट्या लखलखत होत्या. मग तो तोंड धुवायला ओढ्यावर गेला. तिथेच चुकलं.

परत येऊन बघतो तर पट्ट्यांवर बासुंदीचं पातेलं! शेजारी पुऱ्यांची परात.

"भिमाप्पा!" बाबल कळवळून ओरडला. भिमाप्पा हे दरबारचं आचारी अस्वल. "अहो, हे वाद्य आहे!"

"असेल," भिमाप्पा म्हणाला. "पण उंचीला अगदी बरोबर आहे हो. वाकावं लागत नाही."

कोल्हेसाहेब धावत आले. "बाबल, आता पंगत मांडली आहे. उचलाउचल बरी दिसत नाही. तू आपला कडेच्या पट्ट्यांवर वाजव. कलावंताने कसं लवचीक असावं!"

तेवढ्यात महाराज आले. बाबलने काठ्या उचलल्या. चाल सुरू झाली. परातीखालच्या पट्ट्या ठक्क वाजत, कारण वर काही ठेवलं की पट्टी मुकी होते. त्या चुकवत तो उरलेल्यांवर वाजवत राहिला. पाहुणे येत होते आणि कुणी वाटी ठेवत होतं, कुणी खरकटं ताट. तरसाने तर कोपर टेकून गप्पा सुरू केल्या.

"तुमचं ते जलतरंग छान आहे हं," तो मध्येच म्हणाला.

आठव्या मिनिटाला तीन पट्ट्या मोकळ्या होत्या. बाबल तीन पट्ट्यांवर घरचा रस्ता शोधत होता.

"थांबा!" महाराज गरजले.

बाबलने काठ्या वर उचलून धरल्या. महाराज पातेल्यात डोकावून बघत होते.

"भिमाप्पा, आज बासुंदीवर साय कशी नाही? आमच्या मिशांना नेहमी चिकटते!"

भिमाप्पाने पातेल्याला पंजा लावला. "महाराज, हा खालून ठोकतोय ना, त्याने बासुंदी सारखी हलते आहे. धरेल कुठली साय!"

महाराजांचे डोळे पाणावले. "साठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आमचा विचार केला," ते म्हणाले. "याला आजपासून दरबारात नेमा."

"तळ्याकाठी, महाराज?" बाबलने विचारलं.

"मुदपाकखान्यात."

"आणि माझी चाल?"

"वाजव की! सबंध वाजव. बासुंदी गार होईपर्यंत हात थांबवायचा नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. तरसाने उठून सांगितलं की या मुलाची कला आपण सर्वांत आधी ओळखली.

आता बाबल रोज मुदपाकखान्यात, पट्ट्यांवर पातेलं घेऊन वाजवतो. बासुंदी गार व्हायला छत्तीस मिनिटं लागतात, म्हणजे चाल रोज तीनदा पूर्ण होते. आवडीला शेजारणी विचारतात, "तुमचे हे सरकारी नोकरीत ना?"

परवा त्याला एक वळण सुचलं. अकरा वर्षांत सुचलं नव्हतं असं. चाल दूर रानात गेली, हरवली असं वाटलं आणि अलगद घरी आली. बाबलने दांडी दाबून शेवटचा सूर लांबवला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याने मान वर केली.

भिमाप्पा जागचा हलला नव्हता. काम सोडून तो एकटक बघत होता.

"बाबल," तो हळूच म्हणाला.

"बोला ना, भिमाप्पा."

"सांडतंय."

तात्पर्य : बाळांनो, एखादी कला जीव ओतून शिका. रोज सराव करा, कंटाळू नका, कुणाला उलट बोलू नका. म्हणजे एक ना एक दिवस समाज तुमची योग्यता ओळखतो आणि तुमच्यावर विश्वासाने पातेलं ठेवतो.