सूर्यावरचे डाग

लोणावळ्याच्या पोस्टातून ट्रंक कॉल करायचा म्हणजे गळा कमवावा लागे, आणि खांबेटेसाहेबांनी तो कमावला होता. डोंगरकडेच्या बंगल्यात दुर्बीण लावून ते रोज सूर्य बघत आणि दिसेल ते पुण्याच्या हापिसाला ओरडून कळवत. साल अठ्ठावन्न. जगातल्या झाडून साऱ्या देशांनी मिळून सूर्यावर नजर ठेवायचे ठरवले होते, आणि त्यातला लोणावळ्याचा वाटा खांबेट्यांच्या गळ्यात पडला होता.

त्या दिवशी पोस्टात लोहगडवाडीचा रखमाजी कार्ड घ्यायला आला होता. त्याच्या विशीतल्या लेकीची, गंगीची सुपारी फुटली होती ती साहेबांच्याच बंगल्यावर काम करणाऱ्या सूर्याजीशी. पोरगा सरळ, कामसू. सगळे त्याला सूर्या म्हणत. जावयाच्या मालकाला रामराम घालावा म्हणून रखमाजी थांबला.

"सूर्यावर डाग वाढलेत," साहेब फोनमध्ये ओरडत होते. "काळे. हो, मोठे! आजचे कुठले, मागेही होतेच. दर अकरा वर्षांनी उसळतात, ठाऊक आहे ना?"

रखमाजीने रामराम तोंडातच ठेवला.

"जपानलाही दिसले. रशियाने तर फोटो काढलेत. मागच्या बाजूला? तिथेही असणार, फिरला की दिसतील!"

रखमाजी कार्ड न घेताच निघाला. जी गोष्ट रशियाला कळवली ती विहीणबाईने आपल्याला सांगू नये, याचे त्याला मनापासून वाईट वाटले. पोटची पोर द्यायची होती हो, शेरडू नव्हे.

दुसऱ्या दिवशी भावकीची चार माणसे घेऊन तो सूर्याच्या आईच्या, अंबूबाईच्या, दारात उभा राहिला.

"इनबाई, सुपारी मोडली म्हना. पोराच्या अंगावर डाग हायेत."

"कोन म्हनतं?"

"कोन म्हनत न्हाई ते इचारा. रशियात फोटू हायेत."

अंबूबाईने सूर्याचा सदरा अंगणातच उतरवला. भावकीने त्याला पुढून पाहिले.

"काय दिसत न्हाई," एक जण म्हणाला.

"फिरवा," रखमाजी म्हणाला. "फिरला की दिसत्यात."

सूर्याला फिरवले. पाठ आरशासारखी स्वच्छ.

"आता न्हाई दिसायचं. अकरा वर्सांनी उसळत्यात." रखमाजी मागे हटेना.

अंबूबाईचा मात्र तोल गेला. "आन् असता डाग, तर? डागानं नांगर धरता येत न्हाई व्हय? मानूस बघावं पाव्हनं, कातडं न्हाई!"

अखेर सूर्यानेच सदरा चढवून सगळ्यांना बंगल्यावर नेले. साहेबांनी सौरचक्र समजावून सांगितले. कुणाला काही समजले नाही. मग त्यांनी दुर्बिणीतून सूर्याचे बिंब पांढऱ्या कागदावर पाडले. त्यावर काळे ठिपके होते. रखमाजीने आधी फुंकर मारली, मग उपरण्याने कागद पुसला. ठिपके जागेवरच राहिले.

"ह्यो सूर्यनारायण?"

"तोच. आणि हे डाग त्याचे. तुमच्या जावयाचे नव्हेत."

रखमाजीने कागदाला हात जोडले आणि तिथेच मांडी घातली. मग अंबूबाईकडे वळून म्हणाला, "इनबाई, मघा तुमी बोलला ते चार मानसांनी ऐकलंय. मानूस बघावं, कातडं न्हाई."

"बोलले. मग?"

"आमच्या गंगीच्या दंडावर पांढरा डाग हाय. बाहीखाली, ल्हानपनापास्नं. सांगावं सांगावं म्हनत हुतो, जीभ रेटंना."

अंबूबाईने तोंड उघडले, भावकीच्या चार तोंडांकडे पाहिले आणि मिटले. आपल्याच शब्दात माणूस असा अडकतो.

"मला ठावं हाय ते," सूर्या हळूच म्हणाला. "माझी काय हरकत न्हाई."

खांबेटेसाहेबांना एकदम दुर्बिणीची भिंगे पुसायची आठवण झाली.

"तुला कसं रं ठावं?" रखमाजीने विचारले.

सूर्या सदऱ्याच्या गुंड्या लावू लागला. त्या लावलेल्याच होत्या.

"इनबाई," रखमाजी उठत म्हणाला, "पंचांगबिंचांग ऱ्हाऊ द्या. लगीन उद्याच लावू."